मुळेने न नेलेला रंग

माघ लागला की मुळा नदीच्या दोन्ही काठांवर करडई फुलते.

आधी काटेरी हिरव्या बोंडातून एक पिवळे टोक डोकावते. मग दुसरे, मग शेकडो. आणि एका सकाळी उठून पाहावे तर सारे रान केशरी झालेले असते, जणू कोणी दूरवर पेटवलेली आग हळूहळू चालत नदीपर्यंत आली आणि पाणी पाहून थबकली. दवाने काटे मऊ पडतात, तेवढ्याच वेळात पाकळ्या खुडून घ्यायच्या. ऊन चढले की काटे ताठरतात आणि खुडणाऱ्या बोटांतून रक्त काढतात.

त्या केशरी पाकळीत दोन रंग राहतात. एक पिवळा. उतावळा, बोलघेवडा, नुसते पाणी लागले की बाहेर धावणारा. दुसरा लाल. मुका, मानी, पाण्याला दाद न देणारा. आधी पिवळा सगळा वाहून जाऊ द्यावा लागतो. मग पापडखारासारख्या खाराचे पाणी घातले की लाल बाहेर येतो. मग लिंबू पिळले की तो कापडावर बसतो.

बसतो, पण राहत नाही. ज्या खाराने त्याला पाकळीतून बोलावले, तोच खार त्याला कापडातूनही बोलावून नेतो. हा कुसुंबा. उषेसारखा उजळ आणि उषेसारखाच अल्पायुषी.

पेशवाई मावळून नवा अंमल आला होता, त्या काळात मुळेकाठच्या भानोलीत लिंबाजी रंगारी राहत असे. त्याचे घर कुसुंब्यासाठी प्रसिद्ध नव्हते. ते प्रसिद्ध होते आलीच्या लालासाठी. आलीच्या झाडाची मुळे खणायची, वाळवायची, कुटायची. कापडाला एरंडेल पाजायचे, हिरड्यात भिजवायचे, तुरटीत बुडवायचे, आणि मग मंद आचेवर, मंद मंद आचेवर, त्या मुळांच्या पाण्यात शिजवायचे. असा लाल उन्हाने जात नाही, पावसाने जात नाही, खाराने जात नाही. नेसणारी जीर्ण होते, लुगडे विरते, आणि विरलेल्या चिंधीतही तो लाल तसाच जागा असतो.

लिंबाजी म्हणायचा, "रंग म्हंजी शब्द. दिला की दिला."

त्याची मुलगी गोजरा. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे हंड्यांच्या वाफेत वाढलेली. कोणते पाणी कधी फिरते हे ती वासावरून ओळखी. तिची नखे बारमाही तांबूस असत, आणि बाजारात कुणी नवे लुगडे नेसून गेले की तिची नजर चेहऱ्याकडे न जाता पदराच्या काठाकडे जाई.

आणि त्याच मुलखात हैबती नाईक होता.

पिढ्यान्‌पिढ्या घाटाची राखण करणाऱ्या कुळातला तो. नव्या अमलाने राखणीचा हक्क काढून घेतला, तेव्हा ज्या वाटा त्याने जपल्या त्याच वाटांवर तो बंडखोर झाला. देशमुखांच्या वाड्यांमागे जमिनीच्या पोटात धान्याची पेवे होती, आणि डोंगरावरच्या वाड्यांत माणसांची पोटे रिकामी होती. हैबती पेवे फोडी. भर दुपारी, डोक्यावर रसरशीत लाल पागोटे बांधून, दुरून दिसेल अशा दिमाखात. धान्य डोंगरावर जाई. घोडेस्वार लाल पागोट्यामागे धावत. आणि लाल पागोटे मुळेत शिरे.

पैलतीरावर जो माणूस बाहेर येई, त्याच्या डोक्यावर पांढरे पागोटे असे.

लोक म्हणत, मुळामाय त्याचा लाल आपल्या पोटात घेते. बाजारात शाहीर डफावर ते गात, बाया ते ऐकून नदीला हात जोडत, आणि घोडेस्वार ते थोतांड म्हणून हसण्यावारी नेत.

घडत असे ते इतकेच. कुसुंब्यात रंगवलेले पागोटे, त्याच्या शेवाला, मोकळ्या टोकाला, गाठ मारून बांधलेला मूठभर खार, आणि वाहते पाणी. ते पागोटे गोजरा रंगवी. तो खार गोजरा बांधी. आणि हे तिघांनाच ठाऊक होते. गोजराला, हैबतीला, आणि मुळेला.

तो येई तेव्हा एखाद्या कुणब्यासारखा येई. नदीच्या वाळूवर रंगारआळीची लुगडी वाळत पडलेली असत, लाल पट्ट्यांमागे लाल पट्टे, आणि त्यांच्या पलीकडे दगडावर बसून तो दुपार घालवी.

"काय पाटील," गोजरा लुगड्याचा काठ ताणता ताणता विचारी, "आज कुणाचं जनावर हरवलंय?"

"माझंच. लाल रंगाचं. डोक्यावर बसायचं."

"सांभाळता येत न्हाई तर ठेवावं कशाला?"

"सांभाळलं तर मान जाईल, गोजरे."

ती हसे. तो घोडेस्वारांच्या जमादाराची नक्कल करी. परवाच त्या जमादाराने काठावर घोडा थांबवून त्यालाच विचारले होते, लाल पागोट्याचा माणूस पाहिला का म्हणून. "मी म्हनलो, पाह्यला की. तुमच्यापरीस बरा दिसत व्हता."

मग ती नव्याने रंगवलेले पागोटे लुगड्यांच्या घडीतून काढून त्याच्यापुढे ठेवी. आणि तो दर वेळी तेच विचारी, अर्धे थट्टेने, अर्धे खरे.

"जाईल ना?"

"जाईल."

एवढेच त्यांचे प्रेम. विचारलेला एक शब्द आणि दिलेला एक शब्द. कोणी ऐकले असते तर त्यात प्रेम होते हे कुणाला कळलेही नसते. पण तो त्या एका शब्दावर आपले मस्तक घेऊन पाण्यात उतरत असे.

हैबतीची मुळेवर श्रद्धा होती. एकदा तो म्हणाला, "खार तू देतीस, पर रंग नेती ती मुळामाय. मी हंड्यात धुऊन पाह्यलं एकदा. गुलाबी डाग ऱ्हायले. तिच्या पाण्यात एक डाग ऱ्हात न्हाई. ज्या दिशी ती नेणार न्हाई, त्या दिशी समजायचं, आपलं काही चुकलं."

गोजराला कारण ठाऊक होते. हंड्यात सुटलेला रंग पाण्यातच फिरत राहतो आणि परत कापडाला चिकटतो. वाहते पाणी त्याला परतू देत नाही. पण तिने ते सांगितले नाही. दुसऱ्याच्या देवाला पाण्यासारखे ढवळून पाहणे तिला जमले नाही.

त्या माघात तो आला आणि दगडावर न बसता उभाच राहिला.

"पुनवेला तुझ्या बाला इचारायला येतो," तो म्हणाला. "आता पेवं बास. घाटाखाली मामाचं शेत हाय. पांढरं पागोटं बांधून नांगर धरीन."

 गोजराच्या हातातले लुगडे वाऱ्याने सुटले आणि लाल ज्वाळेसारखे उडत वाळूवर जाऊन पडले, आणि ते उचलायला धावताना तिला वाटले, आपण कितीतरी वर्षांनी धावतो आहोत.

आणि त्याच आठवड्यात ते घडले. फार थोडे घडले. कोणाच्या ध्यानातही राहू नये इतके थोडे.

अंगणात हंडे उकळत होते. शेजारची धोंडाई सूत मागायला आली होती. बाजारातून शाहिराचा डफ ऐकू येत होता, आणि त्याच्या गाण्यात नाईकाचे पागोटे नदीत पांढरे होत होते.

लिंबाजीने काठी हंड्यात आपटली. "लोक नाचत्यात! रंग पाण्यात गेला म्हणून नाचत्यात! अरं, ज्या रंगाऱ्यानं ते पागोटं रंगवलं त्याला हंड्याजवळ उभं करू नये."

"शिकाऊ असंल कुणी," धोंडाई म्हणाली.

"शिकाऊबी असला रंग देत न्हाई."

"मग बाई असंल." धोंडाई तोंडाला पदर लावून हसली. "बाईच्या हाताला रंग कुठं धरतोय, लिंबाजीदादा!"

लिंबाजीही हसला. सहज हसला, कामाच्या भरात हसला. शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे त्याने पाहिलेही नाही.

गोजराने डोळे हंड्यावर ठेवले. वाफ वर येत होती. त्या वाफेत तिचे तोंड तापले, आणि ते कशाने तापले हे कुणाला कळले नाही.

ती आजवर जे करत आली होती, ते या मुलखातले सर्वांत अवघड काम होते. हुकमी जाईल असा रंग देणे. एक ठिपका राहू नये, एक सुरकुती राहू नये, असा रंग देणे. आणि त्याचे नाव पडले होते कच्चेपणा. तिच्या हाताचे सर्वांत मोठे कसब दर वेळी पाण्यात विरघळून जात होते, आणि काठावर उभे राहून लोक नदीला हात जोडत होते.

मत्सर नदीचा वाटावा, असे कधी कुणाला झाले नसेल. तिला झाले.

रंगाऱ्यांच्या घरात नवरदेवाचे पागोटे पक्क्या रंगातच द्यायचे असते. कच्च्या रंगाचे पागोटे म्हणजे कच्चा संसार. पुनव जवळ आली होती. पेवे संपली होती. आता नदीची गरज काय, असे तिने स्वतःला सांगितले, आणि आलीच्या मुळांची पोती सोडली.

तिने कापडाला एरंडेल पाजले. हिरड्यात भिजवले. तुरटीत बुडवले. मंद आचेवर, मंद मंद आचेवर शिजवले. बाप बाजाराला गेला असताना, बाप जेवायला बसला असताना, बाप शेजारी बोलत असताना, चोरून, थोडे थोडे. लाल गडद होत गेला, खोल होत गेला, जणू एखाद्या विहिरीच्या तळाशी सूर्य मावळत होता. तसा लाल लिंबाजीच्या हातून कधी उतरला नव्हता. आणि शेवटी, तो वेगळा दिसू नये म्हणून, तिने त्यावर कुसुंब्याचा एक पातळ हात दिला. नेहमीची उषा त्या मावळतीवर पसरली.

तो हात कशासाठी दिला, हे तिने स्वतःला विचारले नाही. विचारले असते तर उत्तर सोपे होते. ती त्याला सांगू शकत होती, 'हे लग्नाचं पागोटं आहे, हे बांधून कुठं जाऊ नका.' पण सांगणे म्हणजे मागणे होते, आणि मागायची तिला लाज वाटली. म्हणून तिने आपली मागणी रंगाआड लपवली.

तो आला. घाईत होता. पागोटे हातात घेऊन त्याने उन्हाकडे धरले, डोक्याला गुंडाळले. शेवाला खाराची गाठ होती. सवयीने बांधली गेली होती ती, आणि सवयीनेच त्याने ती चाचपून पाहिली.

"जाईल ना?" त्याने विचारले. हसतच विचारले.

एक क्षण. वाळूवरून एक टिटवी ओरडत गेली.

"जाईल," गोजरा म्हणाली.

पुनवेच्या आधी डोंगरावरच्या एका वाडीतली माणसे हैबतीकडे आली. बाया कंद उकडून पोरांना घालत होत्या, आणि कडू कंद खाऊन पोरे आजारी पडत होती. शेवटचे एक पेव, तो म्हणाला. शेवटचे एक. हे गोजराला कळले नाही. कळवायला वेळ नव्हता.

पेव फुटले. धान्य डोंगरावर गेले. झटापटीत त्याच्या माणसाची काठी एका म्हाताऱ्या राखणदाराच्या डोक्याला लागली. तो खाली बसला आणि कपाळावर हात धरून नुसता पाहत राहिला. हैबती क्षणभर थांबला, मग घोड्यांच्या टापा ऐकून धावला.

दुपारची मुळा. शांत, निळी, गुडघाभर, कमरभर, छातीभर. दरडीआड त्याने पागोटे सोडले, खार चोळला, पाण्यात धरले. पाणी गुलाबी झाले. नेहमीसारखे गुलाबी, धुरासारखे वळणे घेत खाली निघाले, आणि त्याने निःश्वास सोडला.

मग पाणी निवळले.

आणि निवळलेल्या पाण्यात, गुलाबीच्या खाली, दुसरा लाल उभा होता.

त्याने पुन्हा चोळले. खार संपला, तेव्हा वाळूने चोळले. वाळूने चोळता चोळता बोटांची सालटी गेली. लाल हलला नाही. पाण्यात तो अधिकच उजळला. वाहत्या पाण्याच्या कातडीखाली थांबलेले रक्त दिसावे तसा.

गोजराचा शब्द खोटा असेल, हे त्याच्या मनात आले नाही. तो विचार त्याच्या मनाच्या दारापर्यंतसुद्धा आला नाही. त्याला दिसले ते म्हाताऱ्याचे कपाळ. 'पाहिलं तिनं,' तो मनाशी म्हणाला. 'मुळामायनं पाहिलं.'

त्याने पागोटे दगडाखाली कोंबले आणि उघड्या डोक्याने पैलतीरी चढला.

उघड्या डोक्याने पुरुष कधी दिसतो? घरात मयत झाली तर.

"काय रं," जमादाराने घोडा आडवा घातला, "डोकं उघडं? कोण गेलं?"

"बाप," हैबती म्हणाला.

जमादाराने मान तिरकी करून पाहिले. "बाप गेला आणि मिशी जाग्यावर? डोक्यावर केसबी झाक हायेत. न्हावी रुसला काय तुझ्या गावचा?"

स्वार हसले. अशा हसण्यावर हैबती आजवर हजार उत्तरे देत आला होता. बाप परगावी गेला, निरोप आत्ता आला, न्हाव्याकडेच निघालो आहे. कोणतेही चालले असते, आणि स्वार पुढे गेले असते, कारण त्यांना लाल पागोटे हवे होते, उघडे डोके नको होते. पण ज्याला नदीने नाकारले त्याने खोटे कोणाच्या जिवावर बोलावे?

त्याने खाली पाहिले. ओल्या पायांखाली वाळू काळी पडत होती.

"मीच त्यो," तो म्हणाला. "हैबती."

त्याला भानोलीच्या चावडीत आणून खांबाला बांधले. दगडाखालचे पागोटे शोधून काढले आणि ओलेच चावडीच्या कठड्यावर टाकले. रंगारआळीतल्या जाणत्यांना बोलावणे गेले.

लिंबाजी आला. त्याने पागोट्याचा काठ दोन बोटांत धरला, चुरला, उन्हाकडे धरला. आणि त्याची बोटे थांबली. आयुष्यभर ज्या लालामागे तो चालला होता तो लाल त्याच्या हातात होता, आणि तो कोणाच्या हातचा हे त्याला चेहरा ओळखावा तसे ओळखू आले.

"कुणाच्या घरचा रंग?" जमादाराने विचारले.

"आमच्यातल्या कुणाचाच न्हाई," लिंबाजी म्हणाला. "कच्चा माल हाय. असला रंग आमी देत न्हाई."

तो घरी आला. हंड्याखालची लाकडे त्याने एक एक करून ओढली आणि त्यांवर पाणी ओतले. धूर अंगणभर पसरला. गोजरा दारात उभी होती.

"आज मी पक्क्याला कच्चा म्हनलो," तो धुराकडे पाहून म्हणाला. मग म्हणाला, "चांगला उतरलाय, पोरी." आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

ती शिवी असती तर सोसली असती.

गावात एव्हाना एकच बोलणे होते. मुळामायने नाईकाला टाकले. पाणवठ्यावर बाया कुजबुजत होत्या. कुणी म्हणत, त्याच्या हातून काही पाप झाले असणार. कुणी म्हणत, नदीच उलटली. एका म्हातारीने नदीकडे पाहून कडाकडा बोटे मोडली. शाप दिलेली नदी नेहमीसारखी वाहत होती, लुगड्यांचे मळके पाणी नेत, गुरांच्या खुरांचा चिखल नेत, निमूट. गोजराने घागर भरली. तिला पाण्यात आपले तोंड दिसले, आणि तिने घागर बुडवून ते मोडले.

बांधलेल्या माणसाला पाणी पाजायला कोणी अडवत नाही. संध्याकाळच्या आधी, ऊन तिरपे झाले तेव्हा, ती तांब्या घेऊन चावडीवर गेली.

"या, या," पहारेकरी म्हणाला, "नाईकाला पाजायला सारा गाव. आमी दुपारपास्नं उन्हात हाय, आमाला कुणी इचारंना."

तिने त्यालाही पाणी दिले. तो कठड्यापलीकडे जाऊन तोंड धुऊ लागला.

हैबतीने मान वर केली नाही. "बघू नगंस," तो म्हणाला. "डोकं उघडं हाय."

तिने नजर वळवली. त्याच्या बांधलेल्या हातांची ओंजळ पुढे आली. सालटे गेलेली बोटे, नखांत वाळू. तिने धार धरली.

"न्हाई नेलं गं तिनं," तो ओंजळीतल्या पाण्याला सांगावे तसे म्हणाला. "आधी थोडं नेलं. मग थांबली. एका म्हाताऱ्याला लागलं माझ्यापायी. माझ्या बाएवढा असंल. त्याचंच हे फळ. तुझा खार चांगला व्हता, गोजरे. तुझं काय चुकलं न्हाई. मलाच टाकलं तिनं."

धार थांबली नाही. ओंजळ भरली, वाहिली, खालची धूळ भिजली.

गप्प राहायला काहीच लागत नव्हते. त्यानेच सारे जुळवून ठेवले होते. पाप त्याचे, कोप नदीचा, खार चांगला. तिने फक्त तांब्या उचलून घरी जायचे होते. त्याच्या मनात ती सदैव तशीच राहिली असती, शब्दाची पक्की. आणि तो नदीने टाकलेला माणूस म्हणून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर समुद्रापार गेला असता. उद्या, परवा, कुठल्यातरी खाऱ्या काठावर, पाणी पाहिले की मान खाली घालत.

"नाईक," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मुळामायनं कायबी केलं न्हाई. रंग जाणारा नव्हताच. आलीचा व्हता. वर कुसुंबा दिला व्हता, तुमाला कळू नये म्हणून."

त्याने मान वर केली. उघडे डोके विसरून वर केली.

"लगनाचं व्हतं ते," ती म्हणाली. "तुमी इचारलं तवा मी जाईल म्हनले. खोटं म्हनले."

ओंजळीतले पाणी बोटांच्या फटींतून गळत होते. तो तिच्याकडे पाहत होता, आणि ती वाट पाहत होती. शिवीची, थुंकीची, तिरस्काराने वळलेल्या मानेची. त्यांतले काहीही आले असते तर तिने ते पदरात घेतले असते.

"म्हंजी," तो हळू म्हणाला, "तिनं न्हाई नाकारलं?"

"न्हाई."

"कुणाचाच लाल नेला नसता?"

"कुणाचाच न्हाई."

आणि हैबतीच्या चेहऱ्यावर हसू आले. हरवलेल्या लेकराला जत्रेत आई दिसावी तसे ते हसू. थकलेले, ओले, निखळ. त्याने उरलेले पाणी पिऊन टाकले, आणि ओले हात कपाळाला लावले.

"मग मी उगाच 'मीच त्यो' म्हनलो की," तो म्हणाला, आणि खरोखरच हसला, स्वतःच्या वेडेपणाला हसावे तसा.

ते हसू गोजराच्या काळजात काटा जावा तसे गेले. त्याने तिला क्षमा केली नाही. करायला त्याला तिचा अपराधच दिसला नाही. त्याला फक्त त्याची नदी परत मिळाली होती, आणि त्या आनंदापुढे आपले मस्तक त्याला फार लहान वाटत होते. रागावला असता तर तिचे ओझे थोडे त्याच्याकडे गेले असते. आता ते सगळेच्या सगळे तिच्याजवळ राहिले.

"पक्का व्हता?" त्याने विचारले.

"पक्का."

"मला शोभत व्हता का गं?"

तिचे ओठ हलले. पहारेकरी तोंड पुसत परत आला. "झालं का पाणी?" तो म्हणाला. "का अख्खी नदी पाजतीस?"

दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर, त्याला घेऊन निघाले. वाट मुळा ओलांडून जात होती. काठावर माणसे गोळा झाली होती, पण कोणी बोलत नव्हते. गोजरा सर्वांच्या मागे, एका खडकाच्या आडोशाला उभी होती. तिने घोडे पाण्यात उतरलेले पाहिले. दोन घोड्यांच्या मध्ये तो चालत होता. गुडघाभर, कमरभर, छातीभर. मधोमध पोचला तेव्हा तो थांबला, वाकला, आणि बांधल्या हातांनी पाणी उचलून त्याने डोक्यावर घेतले. जमादार काहीतरी ओरडला. तो पुढे निघाला.

त्याने मागे वळून पाहिले, असे काठावरची माणसे नंतर सांगत. कोणी म्हणे त्याने गावाकडे पाहिले, कोणी म्हणे डोंगराकडे. गोजराला ते ठाऊक नाही. त्या वेळी तिची मान खाली होती.

तिने मान वर केली तेव्हा स्वार झाडीत शिरले होते. धूळ खाली बसत होती. पैलतीरावर काळ्या पाषाणाची एक रुंद लादी होती, पाण्यातून थेट वर चढणारी, उन्हाने तापलेली. आणि तिच्यावर ओल्या पावलांची रांग उमटली होती. घोड्यांच्या खुरांमधून वाट काढत गेलेली, माणसाची, अनवाणी.

ऊन त्या पावलांवर उतरले. आधी बोटे गेली, एक एक करून, थेंबाएवढी, ठिपक्याएवढी. मग पावलाच्या मधली निमुळती कड गेली. मग चवडे आक्रसले. टाचा तेवढ्या राहिल्या, काळ्याभोर, गोल. मग त्याही कडेकडेने आत येऊ लागल्या.

गोजरा पाहत राहिली. हे पाहायला मान खाली घालावी लागत नव्हती.

एक टाच गेली. दुसरी गेली. सर्वांत वरची, झाडीलगतची, सावलीत पडलेली, तेवढी उरली. मग सावली सरकली. आणि लादी कोरडी झाली.